दादांची बग्गी आणि वहिनींची राखुंडी

वहिनींचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तो त्या बग्गीपायी. झालं काय, आमच्या दादांनी नव्या काळ्या बग्गीवरची धूळ उपरण्याने गोल गोल पुसली आणि उन्हात बघतात तो रंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे! दिवाळसणाला आलेल्या दादा-वहिनींच्या जावयांना तर दुपारी त्यातूनच ठाणे स्टेशनावर सोडायचं होतं.

गाड्या रंगवणारा पास्कू मिस्त्री आला. त्याने वहिनींकडे दात घासायची राखुंडी मागितली आणि चिमूटभर दाढेखाली धरली.

"बाय, करकरते. रंग सोलून काढील."

वहिनींनी ती मलमलीतून गाळली.

"अजून करकरते."

वहिनी चिडल्या. पुन्हा गाळली, स्वतः चाखली आणि मगच दिली. मिस्त्रीने ती तेलात कालवून तळहाताने इतकी हलकेच, सरळ चोळली की ओरखडे गेलेच, वर बग्गीच्या दारात अंगणातली तुळस दिसायला लागली. काय हात होता हो!

जावयांनी त्या दारात बघून पगडी सारखी केली आणि चढायला दार धरणार, तोच जावयासमोर कधी तोंड न उघडणाऱ्या वहिनी कडाडल्या, "हात लावाल तर खबरदार!"

जावई स्टेशनापर्यंत चालत गेले. मागून बग्गी, रिकामी.