वत्सलाबाईनं नाव घेतलं

…अन् खट्! टेप बंद! आता तुम्हीच सांगा, सेठ खुर्चीत मरून पडला आहे, ताकाचा पेला खाली लुढकला आहे, दरवाज्यात कोणीतरी उभं आहे, आमची अर्धी आळी श्वास धरून बसली आहे, मनकर्णाबाईच्या हातातली मेथीची काडी हातातच राह्यली आहे, अन् ह्या मधुकरबाबूले नेमकं आत्ताच बटन दाबाचं होतं? काऊन? तं म्हणे, "थांबा! मले एक मुद्दा सुचला!" अरे मुद्दा गेला खड्ड्यात, बाप्पा, दरवाज्यात कोण आहे ते तं ऐकू दे!

तुम्हाले सांगतो, हा मधुकरबाबू म्हणजे सौसरच्या तहसिलीत तीस वर्षं बाबूगिरी करून रिटायर झालेला माणूस. दारू नाही, पत्ते नाही, शौक एकच… खुनाच्या कादंबऱ्या! अन् दर कादंबरी मिटली का चहा मागता मागता बायकोले सांगणार, "मी तं बाविसाव्या पानावरच वळखला होता खुनी!" आता वाचणारा हाच, वळखणारा हाच, साक्षीले कोण? बाविसाव्या पानाले विचारता का? वत्सलाबाई, म्हणजे त्याची बायको, एखाद खेप भोळेपणानं विचारे, "कसा वळखला जी?" का याचं ठरलेलं, "तुले काय समजते!" लग्नाले बत्तीस वर्षं झाली होती. बत्तीस वर्षांत त्या बाईनं हे किती खेप ऐकलं असन, तुम्हीच हिशेब करा.

मंग शहाऐंशी साली डोळ्यात मोतीबिंदू उतरला. नागपूरले ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी बसली अन् डॉक्टरनं बजावलं, दीड महिना पुस्तकाले हात लावाचा नाही. हात नाही लावाचा? हा माणूस तं तिसऱ्याच दिवशी कासावीस! वत्सलाबाईनं एक पान वाचून दाखोवलं, तं त्या एका पानात अठरा खेप अडवलं, "असं नोको वाचू, तसं वाच, इथी थांब, इथी थांबू नोको, तुले काय समजते!" बाईनं पुस्तक मिटलं अन् गेली भाकरी टाकाले.

तेव्हा उपाय काढला सुनेनं. पोरगा श्रीकांत पांढुर्ण्याले मास्तर, त्याची बायको जयश्री, मोठी गुणाची पोरगी. तिनं निरोप धाडला का मामाजीसाठी, म्हणजे सासऱ्यासाठी, मी अख्खी कादंबरी वाचून टेपात भरून पाठवते. अन् खरंच पाठवली ना! सहा कॅसेटी, बिस्किटाच्या डब्यात. जशी भरून होईन तशी एकएक पांढुर्ण्याच्या बसच्या कंडक्टरजवळ. घरी टेप होताच, श्रीकांतनं दिवाळीले बापाले दिलेला. रोज चार वाजता अंगणात निंबाखाली टेप मांडला जाये, पयले दोघं नवराबायको, मंग शेजारची मनकर्णाबाई, मंग नत्थूजी शिंपी मशीन सोडून, अन् दोन दिवसांत सारी आळी! फुकटात खून ऐकाले भेटून राह्यला, कोण सोडते?

पण बटन मधुकरबाबूच्या मांडीवर! दिसत नोतं, पण बोटाले बटन बरोबर सापडे. दोन वाक्यं झाली का… खट्! टेप बंद!

अन् मुद्दे काय एकेक! आता जयश्रीनं वाचलं ते आपल्या सैपाकघरात बसून. त्यात कुकरची शिट्टी झाली. खट्! "ऐकलं का? शिट्टी! तीन खेप! हा इशारा होये!" नत्थूजी म्हणे, "बाबूजी, वरण शिजून राह्यलं असन." "तुम्हाले काय समजते!" मंग एका जागी पांढुर्ण्याची मालगाडी गेली, धडधड धडधड, डबे सरता सरेना, त्यात कादंबरीचं अख्खं पान वाहून गेलं. मधुकरबाबू खूश! "म्हणजे सेठाचा बंगला टेसनाजवळ आहे! लेखकानं गाडीचा आवाज बी टाकला, पाहा!" आता लेखक बिचारा कागदातून मालगाडी कशी सोडन जी?

बरं, गोष्ट साधी होती. सेठाले ताकातून जहर दिलं. घरात कोण? पुतण्या, डॉक्टर, आचारीण अन् एक म्हातारा मुनीम. चार लोकं. पण भानगड अशी, का हे चार लोकं जागेवर राहेच ना! जयश्री वाचे, "डॉक्टर नागपूरच्या गाडीत बसले." अन् लगेच घसा खाकरून, "ते… ते बंगल्याच्या मागच्या दारातून आत शिरले." अरे! आत्ता तं गाडीत बसला होता! मंग, "पुतण्या पलंगावर झोपला होता… ते… ते खिडकीतून पाहत होते." झोपून खिडकीतून कसा पाहीन? आळीत वाद. मनकर्णाबाई म्हणे डॉक्टर भूत आहे. मधुकरबाबूनं बटन दाबलं, मान डोलावली अन् निकाल देल्ला, "डॉक्टरले जुळा भाऊ आहे! लेखक लय पोचलेला आहे. मुद्दाम नाव सांगून नाही राह्यला!"

वत्सलाबाई कोपऱ्यात मुगाची दाळ निवडत बसे. पण तुम्हाले सांगतो, कान तिचे टेपात होते. तिसऱ्या कॅसेटीच्या वेळी इन्स्पेक्टर कोणाच्या तरी मागं पयाला, अन् जयश्रीचा आवाज आला, "इन्स्पेक्टर ओरडला, थांब, हरामखो…" मंग घसा खाकरला, बांगड्या वाजल्या, अन् एकदम नरम आवाजात, "थांबता का जी जरा!"

आता खुनाच्या कादंबरीत इन्स्पेक्टर असा बोलते? सारी आळी हासली. वत्सलाबाई हासली नाही. तिचा दाळीतला हात थांबला. त्या बांगड्यांचा आवाज तिनं वळखला. डोक्यावर पदर सारखा करताना होते तो आवाज! अन् पदर सारखा करून, आवाज नरम करून, नाव गिळून "ते" कोणाले म्हणते सून? सासऱ्याले! अन् सासऱ्याचं नाव काय? मधुकर! म्हणजे त्या पुस्तकात मधुकर नावाचा पाचवा माणूस आहे, अन् पोरगी सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही म्हणून तो बिचारा कोणाले दिसूनच नाही राह्यला! त्याची वळख करून देल्ली असन त्या मालगाडीच्या पानात, ती गेली वाहून!

बाई म्हणाली, "आयका ना जी, हे लोकं चार नाही, पाच आहेत." खट्! टेप बंद! "पाच? मोजता येते का तुले? तुले काय समजते!" अन् साऱ्या आळीसमोर हासला. बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मनकर्णाबाईले राहवलं नाही, म्हणे, "काऊन हासता वो बाबूजी? ती बत्तीस वर्षं तुम्हाले वळखून आहे, एक खुनी नाही वळखणार?" मधुकरबाबू चढला. म्हणे, "बरं! हिनं माह्या आंधी खुनी सांगून दाखवावा, आजपासून ह्या टेपचं बटन हिच्या हातात! मी चूप बसन, जन्मभर! पण नावानिशी सांगाचं. बोट दाखवणं चालणार नाही, खाणाखुणा चालणार नाही. नाव!"

जन्मभर चूप! अशी बोली कोण्या बाईले भेटते जी? वत्सलाबाईनं दाळीचं सूप बाजूले ठेवलं अन् पदर खोचला.

चवथ्या कॅसेटीत आचारीण इन्स्पेक्टरले बंद खोलीत सांगते, साहेब, सेठजीले डॉक्टरनं त्याच दिवशी मीठ बंद केलं, म्हणून ताकात मी मीठ नाही टाकलं, हे माह्याशिवाय कोणाले माहीत नाही. झालं. मंग तेराव्याचं जेवण, अन् जयश्री वाचते, "ते… ते डोळे पुसत म्हणाले, मी तर दिवसभर गावालाच नव्हतो, बिचारे सेठजी, शेवटचं ताकसुद्धा बिनमिठाचं प्यायले हो!"

हे वाक्य चालू होतं तेव्हा मधुकरबाबू काय करून राह्यला होता? बोलून राह्यला होता! जुळ्या भावातला मोठा कोण अन् लहान कोण, ते नत्थूजीले समजावून राह्यला होता. बटन दाबाचं बी विसरला, टेप एकीकडे, हा एकीकडे. पण बत्तीस वर्षं ताक घुसळणारी बाई! कोणाच्या ताकात मीठ आहे का नाही, हे प्यायल्याशिवाय नाहीतर बनवताना उभं राह्यल्याशिवाय समजते का कोणाले? गावाले होता म्हणते, अन् मीठ माहीत! बाईनं मनातल्या मनात खुन्याची मानगूट धरली.

पण धरून काय करता? सांगा! नाव काय सांगाचं? जे नाव लग्नापासून एक खेप तोंडातून काढलं नाही, राशनकार्डाच्या साहेबानं विचारलं तरी शेजारणीले सांगाले लावलं, ते नाव साऱ्या आळीसमोर? सहावी कॅसेट येईपर्यंत बाई झुरून गेली. खुनी मुठीत अन् तोंडाले कुलूप!

मंग आली सहावी कॅसेट. डब्यात सोबत पुस्तक बी आलं. मधुकरबाबूनं ते उशीसारखं मांडीखाली घेतलं, का कोणी शेवटचं पान पाहू नये. आळी जमली. ओट्यावर जागा नाही म्हणून लोकं पायरीवर. इन्स्पेक्टरनं साऱ्यायले दिवाणखान्यात बसवलं, दार लावलं, अन् जयश्रीचा आवाज, "खुनी इथेच बसला आहे! तो पुतण्या नाही, डॉक्टर नाही, मुनीम नाही, आचारीण नाही! खुनी म्हणजे… खुनी म्हणजे…" घसा खाकरला. बांगड्या वाजल्या. "…ते!"

अन् कॅसेट संपली. खट्! आपोआप!

काय कालवा झाला म्हणता! "ते म्हणजे कोण?" "चारही नाही मंग कोण?" "पैसे वापस मागा!" एक जण ओरडला, अरे फुकट ऐकून राह्यला ना तू? मधुकरबाबू छाती काढून उठला, "जुळा भाऊ! मी तं पयल्याच कॅसेटीत…"

"नाही." वत्सलाबाई उभी राह्यली. तुम्हाले सांगतो, असा आवाज आम्ही त्या बाईचा कधी ऐकला नोता. "जुळा नाही अन् बिळा नाही. तो पाचवा माणूस आहे. ताक अळणी होतं हे त्याले माहीत होतं. सेठ त्यानंच मारला. अन् त्याचं नाव…" बाई अडली. मंग बोट उचललं अन् सरळ नवऱ्याकडे दाखवलं, "हे!"

मधुकरबाबूले पट्टीमुळं दिसून नाही राह्यलं. "कोणाकडे दाखवते?" नत्थूजी म्हणे, "तुमच्याकडे, बाबूजी." "माह्याकडे? मी कोणता सेठ मारला? अन् बोट चालत नाही! नाव सांग! नाव येत नाही, हरली! तुले काय सम…"

"घे वो नाव!" मनकर्णाबाई उठलीच. तिच्या ध्यानात सारं आलं होतं, ती बी सूनच होती ना कोणाची तरी. "लग्नात घेतलं होतं तसं घे! उखाण्यात घेतलं तं चालते!"

अन् वत्सलाबाईनं पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात जोडले, साऱ्या आळीकडे पाह्यलं, अन् खणखणीत आवाजात…

"ताकात नोतं मीठ अन् मठ्ठ्यात नोतं जिरं,
मधुकररावानंच मारला सेठ, हेच आहे खरं!"

नत्थूजीनं बाबूच्या मांडीखालचं पुस्तक ओढलं, चष्मा चढवला, शेवटून दुसरं पान काढलं अन् वाचलं, "खुनी म्हणजे… हा मधुकर!" बस्स! आळीनं टाळ्या काय वाजवल्या, शिट्ट्या काय मारल्या, मनकर्णाबाईनं मेथी उधळली, कोणीतरी पळत जाऊन पेढे आणले, अन् बायकांनी वत्सलाबाईले कुंकू लावलं, जशी काही निवडणुकीत निवडून आली! निंबाखाली एकटा मधुकरबाबू, डोळ्यावर हिरवी पट्टी, म्हणून राह्यला, "बत्तीस वर्षांत एक खेप नाव घेतलं, अन् तेही खुनात?" पण ऐकते कोण? दुसऱ्या दिवशी दूधवाला बी विचारे, "खुनी साहेब, अर्धा लिटर का पाऊण?"

बोली म्हणजे बोली. टेप सरकला वत्सलाबाईच्या मांडीवर. पट्टी निघाली, जाड चष्मा लागला, आता तो स्वतः वाचू शकते, पण नाही, रोज चार वाजता येऊन बसते, हाताची घडी घालून, अन् सारी आळी एकाही खटक्याशिवाय पुरती गोष्ट ऐकते! परवा नव्या कादंबरीत ऐन रंगात याच्या तोंडाले कढ आला. बोट वर झालं, ओठ उघडले. बाईनं बटनावर बोट ठेवलं, मोठ्या मायेनं पाह्यलं, अन् विचारलं, "काही मुद्दा सुचला का जी? थांबवू?"

मधुकरबाबूनं साऱ्या आळीकडे पाह्यलं, बटनाकडे पाह्यलं, एक लांब श्वास सोडला अन् म्हणे, "नाही वो, चालू दे… मले काय समजते!"