धुकेकऱ्यांचं सूत

सासू : दुपारपासून बघतेय, एकदाही तू मला ‘आई’ म्हणाली नाहीस. माझं काही चुकलं का?

सून : नाही हो. चुकलं माझंच. ते... ते द्या ना जरा.

सासू : ते म्हणजे?

सून : कापायचं हो. दोन पाती असतात, बोटं घालतो आपण त्यात.

सासू : कात्री? मग कात्री म्हण की सरळ!

सून : येत नाही. तुम्ही म्हणालात की कळतं, पण माझ्या तोंडून निघतच नाही. तुम्हाला हाक मारायचा शब्दही गेला.

सासू : थांब. तो कोट ठेव खाली. माझ्याकडे बघ. सुताचं टोक कशात भिजवलंस?

सून : वाटी शेजारीच होती हो. पाणीही होतं. पण सुईत जाईना, आणि हात आपला सवयीनं...

सासू : तोंडात घातलंस.

सून : एकदाच.

सासू : अगं बाई, धुक्यात राहणाऱ्या धुकेकऱ्यांनी कातलेलं सूत ते! रीळ हातात देताना तीनदा बजावलं होतं, तोंड लावू नकोस म्हणून. त्या लोकांना तोंडच नसतं. ज्याची थुंकी लागेल त्याचे शब्द ते सूत ओढून घेतं. टाक्याला एक, रोजच्या बोलण्यातले आधी.

सून : मला वाटलं, नव्या बायकांना घालता तसा धाक घालताय.

सासू : किती टाके झाले?

सून : अकरा. एक उसवून बघितला. शब्द नाही आला परत.

सासू : राहू दे मग. हात लावू नकोस आता त्याला.

सून : आणि यांचं काय? खिंडीतल्या धुक्यात सात माणसं अडकलीयत. कोट असो नसो, हे त्यांना आणायला जाणारच. या सुताच्या कोटाची एक शिवण उघडी राहिली तरी धुकं वाट देत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मामंजी साध्या कोटावर गेले...

सासू : माहितीय मला ते कसे गेले. नको सांगूस.

सून : एकच बाही राहिलीय. दोनशे टाके. मी घालते. बायको मुकी झाली तर झाली, नवरा तरी घरी येईल.

सासू : आणि पोरगी? काल कुठे ती ‘दे’ म्हणायला लागली. तिला बोलायला कोण शिकवणार?

सून : तुम्ही.

सासू : मी किती दिवसांची! आण ती सुई इकडे.

सून : नको ना! सूत आता माझं झालंय.

सासू : दुसऱ्याचं तोंड लागलं की त्याचं होतं. सोड हात.

सून : मला फार भीती वाटतेय.

सासू : मग मला काय वाटत नाही? हे बघ, लावलं तोंडाला. झालं.

सून : यांना काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगून ठेवा माझ्यापाशी.

सासू : जन्मभर तोंडाचा पट्टा चालू होता माझा. काही सांगायचं राहिलं असेल असं वाटतं तुला? तू बोलत बस माझ्याशी. गप्प बसलीस तर मला जास्त भीती वाटेल.

(बाही शिवून होत आली आहे.)

सासू : ते... बाजूला कर. उजेड... अडतो.

सून : पडदा? केला हं. पुरे आता, थोडा दम घ्या.

सासू : नाही. छोटीला... रोज... ते...

सून : काय रोज? गोष्ट सांगू? केस विंचरू? मान तरी हलवा. रडू नका ना असं.

सासू : ते... ते...

मुलगा : झाला का गं कोट? सगळे खाली खोळंबलेत.

सून : झाला. घाला.

मुलगा : वा! ही बाही आईच्या हातची, लगेच कळतं. येतो गं आई. आई? अशी नुसती बघतेस काय?

सून : निघा तुम्ही. सांभाळून जा म्हणतायत त्या.