लिहिणाऱ्याचा तारा धरत नाहीत

...आणि वर मलाच विचारतात, 'हर्षिदाबेन, तुम्ही एवढ्या का चिडता?' का चिडते? अहो, तुम्हाला सांगते, तुम्ही एकदा भर डिसेंबरात रणाच्या काठाला बसून बघा, खाटेवर नाही हं, स्टुलावर, मांडीवर चोपडा, एका हातात पेन, दुसऱ्या हातात लाल कागद लावलेली बॅटरी, वारा असा की दात आपोआप वाजतायत, आणि तुमच्या भोवती तीन माणसं गोधड्या पांघरून उताणी पडून 'अरे वाह, अरे वाह' करतायत, आणि तुम्हाला मान वर करायची बंदी! मग या माझ्याकडे, मग विचारा का चिडते ते.

आमचं उल्का बघायचं मंडळ आहे. भुजचं. मंडळ म्हणजे काय, चार माणसं. मी, निवृत्त मास्तरीण. खमीसाभाई, त्यांची जीप. जुवानसिंह बापू, त्यांची रणाकाठची वाडी आणि त्यांच्याच खाटा. आणि प्रमुख कोण? वेलजीभाई. यांचं काय? यांची लाकडाची वखार होती, ती मुलांनी ताब्यात घेतली, मग हे बसले आकाश ताब्यात घेऊन.

दर हिवाळ्यात मिथुन राशीतला वर्षाव आला की आम्ही वाडीवर जायचं. तीन खाटा टाकायच्या, उशा मध्ये, पाय बाहेर, म्हणजे प्रत्येकाने आकाशाची एकेक बाजू धरायची. कुणाला उल्का दिसली की ओरडायचं, आणि मध्ये स्टुलावर बसलेल्याने लिहायचं. वेळ, कुठून कुठे गेली, तेज किती, रंग कोणता. आता ओरडणारे तीन आणि लिहिणारी एक. ती कोण असेल, सांगा बघू?

पहिल्याच वर्षी फसले हो मी. चोपड्यावर नुसतं 'मिथुन-वर्षाव' असं नाव घातलं, तर वेलजीभाई म्हणाले, "ओहोहो बेन, काय अक्षर! मोती आहेत मोती. हा चोपडा आता तुमच्याकडेच." आणि मी लाजले, तुम्हाला सांगते, चक्क लाजले. माणूस शिव्यांनी नाही फसत, स्तुतीने फसतो. त्या दिवशी जी मान खाली गेली, ती इतकी वर्षं खालीच.

एकदा असा तारा गेला, असा गेला, की बापूंची बसलेली सांडणी उठून उभी राहिली. जनावराने पाहिला हो! आणि मी? मी खाली बघत होते. एकदा एकाचे दोन झाले, दोन्ही तुकडे बरोबर चालत गेले, खमीसाभाई 'सुभानल्ला' म्हणून उठून बसले. मी? खाली बघत होते. मोठी उल्का गेली की मागे धुराची रेघ राहते म्हणतात, वाऱ्याने वाकते, सापासारखी वळते. म्हटलं तेवढी तरी बघू द्या. तर वेलजीभाई, "आधी वेळ लिहा बेन, वेळ निसटते." वेळ लिहिली. तोवर रेघ निसटली.

आणि सांगतात तरी कसे? जेवून उठलेला माणूस ताटाचं वर्णन करतो तसे. "लिहा बेन... हिरवा. नाही, थांबा, पोपटी. नाही नाही, हिरवाच लिहा. डोकं हे एवढं, लिंबाएवढं. शेपूट..." आणि शेपूट मोजणार वखारीच्या मापाने, "रुंदीला दोन इंची फळी धरा, आणि लांबीला, बेन, पुरा वासा." आणि मग तो सुस्कारा. "हाय हाय, तुम्ही चुकवलात." चुकवलात म्हणे! मी चुकवला? तुम्ही चुकवायला लावलात!

एकदा मात्र मी पाहिली. पेनातली शाई थिजली म्हणून पेन झटकायला हात वर केला, त्याबरोबर मान वर गेली, आणि सर्रकन एक. बारीकशीच, पण माझी. मी म्हटलं, "मला दिसली!" तर वेलजीभाई गोधडीतून तोंड न काढता काय म्हणाले माहीत आहे? "लिहिणाऱ्याचा तारा धरत नाहीत, बेन. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड असतो." नियम म्हणे. कुणी केला? त्यांनीच. कधी केला? त्याच क्षणी, मी शपथेवर सांगते.

त्या दिवशी माझ्या मनात जे पेटलं ना, ते काही विझलं नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, डॉक्टर म्हणतात यंदा-पुढच्या वर्षी काढू. म्हटलं, त्याआधी दोन इच्छा. एक, या डोळ्यांनी एक मोठा अग्निगोळा बघायचा, उजेड पडेल असा. आणि दोन, तो जाताना वेलजीभाई खाली बघत असले पाहिजेत. खरं सांगू? दुसरी इच्छा मोठी होती. देवापुढे दिवा लावताना आधी तीच आठवायची.

म्हणून यंदा काय केलं, निघायच्या दिवशी उजव्या मनगटाला ही जाड पट्टी बांधली. न्हाणीघरात घसरले म्हटलं. आमचे हे म्हणाले, "कधी घसरलीस? मला आवाज आला नाही." म्हटलं, तुम्हाला माझा आवाज कधी येतो? जीपमध्ये डाव्या हाताने अडदिया, म्हणजे उडदाचा लाडू, खाल्ला मी, तुम्हाला सांगते, अर्धा पदरावर सांडला, पण नाटक सोडलं नाही. खमीसाभाई बिचारे दर खड्ड्याला मागे वळून विचारायचे, "दुखतंय का बेन?" मला मेलीला जरा लाज वाटली. पण जराच.

वाडीवर पोचलो, खाटा पडल्या, आणि मी हात पुढे केला. "वेलजीभाई, मला काही लिहवणार नाही." त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी वखारीला आग लागली म्हणून सांगितलंय. "बापू लिहितील," म्हणाले. बापू म्हणाले, "मला सही येते. लिहा म्हणाल तिथे सही करतो." "खमीसा?" खमीसाभाई म्हणाले, "मी उर्दू लिहीन, चालेल?" मग काय, प्रमुख कोण? तुम्हीच ना? बसा स्टुलावर.

आणि मी आडवी झाले. वेलजीभाईंच्या खाटेवर, वेलजीभाईंच्या गोधडीत. आणि काय सांगू तुम्हाला... केवढं असतं हो ते. इतकी वर्षं मी त्याच्या खाली बसून त्याचा हिशेब लिहिला, आणि ते एवढं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांच्या कडांनासुद्धा चांदण्या. बघतच राहिले. पण नुसतं बघत राहून सूड उगवत नाही, म्हणून लागले कामाला.

"वेलजीभाई, एक! लिहा. पांढरी. फिकट... थांबा, पांढरीच. लिहिलंत? कुठून कुठे लिहिलंत? नीट लिहा, घाई नाही." एवढीशी तीळभर उल्का, पण मी तिचं असं वर्णन केलं की लग्नातल्या नवरीचं कुणी करणार नाही. का? जितकं लांब सांगेन, तितकी त्यांची मान खाली! बारीक दिसली तरी लांबण, न दिसली तर आधीच्याच उल्केचा रंग बदलायचा. "मघाची ती पांढरी नको, पिवळट लिहा." आणि स्टुलावरून कण्हल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज, तुम्हाला सांगते, मला भजनासारखा गोड लागत होता.

मग पहाटेचा गारठा पडला. बापूंनी गोधडी डोक्यावरून ओढली आणि घोरायला लागले. खमीसाभाई उठून बाभळीमागे गेले. उरलो आम्ही दोघं. आणि मला शंका आली. मी एवढं सांगतेय, पण हा माणूस लिहितोय का? पेनाचा आवाज येतोय, पण हूं नाही की चूं नाही. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेली बाई मी. मला राहवेना. म्हटलं जरा बघू या. म्हणून कोपरावर कलले, खाटेवरून वाकले, आणि त्यांच्या मांडीवरचा चोपडा बघितला.

आणि उजेड पडला.

बॅटरीचा नव्हे. सगळ्या रणावर पडला, हिरवा-पांढरा, खाटेच्या पायांच्या सावल्या सरकत गेल्या. आणि त्या उजेडात मला चोपडा असा लख्ख दिसला, दिवसा काय दिसेल! ओळीवर ओळ चढलेली, वेळेच्या जागी रंग, रंगाच्या जागी काहीच नाही. असं अक्षर पहिलीतलं पोर काढत नाही. मग कळलं. हा मनुष्य खाली बघून लिहीतच नव्हता! सबंध रात्र मान वर, आणि हात आपला मांडीवर आंधळ्यासारखा चालतोय. आत्ताही तोंड उघडं, डोळे वर, आणि त्या डोळ्यांत तो सगळा अग्निगोळा जाताना दिसत होता.

आणि मी? ज्या एका क्षणासाठी खोटी पट्टी बांधली, डाव्या हाताने अडदिया सांडला, त्या क्षणी मी खाली बघत होते! मान वर केली तेव्हा वर काळोख. रेघसुद्धा नाही. म्हणजे असेलही, पण तिकडे मोतीबिंदूचा डोळा पडला.

वेलजीभाई स्टुलावरच उसळले. "बेन! पाहिलात ना? पाहिलात! आयुष्यात असा... खमीसा! अरे खमीसा!" खमीसाभाई बाभळीमागून नाडी बांधत आले. म्हणाले, "मला वाटलं लष्कराची गाडी आली. मी आणखी खाली बसलो." बापू घोरतच होते. आणि मग वेलजीभाईंच्या ध्यानात यायला लागलं. हळूहळू, गूळ पातळ होतो तसं. लिहिणारा कोण? वेलजीभाई. पाहिला कुणी? वेलजीभाईंनी.

ते माझ्याकडे वळले. "बेन," आवाज एवढासा, "तुम्ही पाहिलात ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर माझ्या नावावर लागला असता हो. मंडळाचा सगळ्यांत मोठा तारा, हर्षिदाबेनच्या नावावर, चोपड्यात. कुणाला काय कळणार होतं? पण मी बघितलं त्या तोंडाकडे, आणि इतक्या वर्षांचे सगळे 'हाय हाय' माझ्या घशात आले.

म्हटलं, "नाही वेलजीभाई. मी खाली बघत होते."

"असं काय करता बेन, तुम्ही फक्त 'पाहिला' म्हणा. रंग-बिंग मी सांगतो."

"खोटं लिहायचं?"

"मग माझ्या नावावर..."

"लिहिणाऱ्याचा तारा धरत नाहीत," म्हटलं. "लिहिणाऱ्याच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड असतो."

वेलजीभाईंनी चोपडा मिटला, पेन कानावर ठेवलं, आणि स्टुलावर असे बसले, जसं कुणी पानावरून उठवलंय. मी गोधडीत शिरले, डोकं झाकून घेतलं आणि हसले. पोट भरून हसले. मिळाला सूड! म्हटलं आता जन्मभर हा तारा यांच्या पोटात राहणार, ना चोपड्यात, ना मंडळात.

पण पोटात राहतोय कुठला! जीपमध्येच बाहेर पडायला लागला. "बेन, सुरुवात त्याची बारीक होती हं..." भचाऊला चहाला थांबलो, तिथे त्याचं डोकं किती मोठं ते कपावर कप ठेवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी घरी हजर. तिसऱ्या दिवशी हजर. रोज संध्याकाळी हजर. मी म्हटलं, अहो, खमीसाभाईंना सांगा की! तर म्हणाले, "खमीसा ऐकत नाही बेन, अर्ध्यात म्हणतो उजेड मी पाहिलाय. बापूंना सांगावं तर ते झोपतात. तुम्हीच एक अशा आहात, ज्यांनी काहीच पाहिलं नाही."

आता मला तो पाठ झालाय. कुठे उगवला, कुठे फुटला, कितव्या वाशावर हिरव्याचा पांढरा झाला. ते चुकले तर मी दुरुस्त करते, "काल तुम्ही फळी तीन इंची म्हणालात." काल जाता जाता वेलजीभाई उंबऱ्यावर थबकले. म्हणाले, "अरे बेन, शेपटीचं तर नीट सांगितलंच नाही. उद्या येतो."

...वाजली बघा बेल. आमचे हे मागच्या दाराने चपला घेऊन गेलेसुद्धा. आले, आले! या वेलजीभाई, बसा. चहात आलं घालू का?