पिल्लांच्या पाण्यातली दुसरी रांग

हॅलो? … हो, बोल. … थांब थांब, बर्फाचं मशीन चालू आहे, काही कळत नाहीये. … ओ ड्रायव्हरदादा, ते दार ओढून घ्या जरा. … हं, बोल आता. गच्चीवरूनच बोलतेयस ना? पहारा सोडून खाली नाही ना उतरलीस?

… कोण शिरलंय? … रेडिओकाका? पिल्लांच्या पाण्यात? … अगं, काहीतरीच काय. माशांची पिल्लं वाढावीत म्हणून ते पाणी बंद ठेवायचं ठरलं तेव्हा पहिला हात त्यांनी वर केला होता. … दुर्बीण पूस बघू. पुसलीस? … त्यांचीच होडी?

… आणि पहाऱ्याची होडी पोचली त्यांच्यापर्यंत? … मग झालं. ती मंडळी सुरी घेऊनच बसलेली असतात.

… हो, हो… अगं ऐक ना, मला नियम काय सांगतेस, मीच केलाय तो. बंद पाण्यात जाळं सापडलं की जागेवर कापायचं आणि होडी हंगामभर किनाऱ्याला. एक भोंगा म्हणजे कापा, दोन म्हणजे थांबा. तू अजून दिला नाहीस ना? … बरं केलंस. हात लांब ठेव त्या बटणापासून.

… काका काय ओरडतायत? … तरंगत्या डब्यांच्या बाहेर आहे म्हणतायत? मग आहेत का? … 'बाहेर आहेत पण आत आहेत' म्हणजे काय गं? नारिंगी डब्यांच्या बाहेर म्हणजे हद्दीच्या बाहेर. त्यासाठीच तर रंगवले ते.

… दोन रांगा?

… दोन कुठून येतील? आपण एकच बांधली. … हं, मोठे डबे, ती आपली. आणि आतली? … लहान डबे. रंग तोच. … मग काकांचं काय चुकलं? खडकाच्या बाजूने आले असतील. तिकडून आपली रांग खडकाआड जाते, दिसली ती हीच. नारिंगी दिसलं, बाहेर जाळं टाकलं बिचाऱ्यांनी.

… पण ही दुसरी रांग कोणाची? जाळं असणार तिच्याखाली. … अगं, दिसत नाही कसं? एवढी दुर्बीण आहे ना? … काहीतरी खूण असेल डब्यांना. प्रत्येकजण बांधतो काही ना काही. … चिंध्या? कसल्या चिंध्या?

… पिवळी फुलं.

… पिवळीच ना? नीट बघ. … बरं.

… म्हणून तू पहिल्यापासून चाचरतेयस. ओळखलास ना तू पडदा? आमच्या स्वयंपाकघराचा. तुझ्या दादानेच नेला, जाळ्याच्या खुणेला हवा म्हणून. उरलेला नारिंगी रंगही नेला. वाया कशाला घालवायचा म्हणाला. मी म्हटलं, ने.

… चुकून? चुकून कोणी आपल्या जाळ्याचे डबे हद्दीच्या रंगात रंगवतं का गं? लांबून बघणाऱ्याला हद्दच वाटावी म्हणून रंगवले त्याने. तुला वाटली ना? मलाही वाटली असती. … परवा बोटाएवढे मासे घेऊन आला. असेच अडकले म्हणाला. आणि मी ते तळून वाढले. चवीने खाल्ले सगळ्यांनी.

… रडू नकोस. आत्ता नको. काय करतायत पहाऱ्यावाले, जाळं वर ओढतायत? … काकांचं? … मग ऐक. …

… काय म्हणालीस? … परत म्हण. … 'काकांचं जाळं तसंही जुनं आहे.' … अगं, जुनं आहे म्हणून कापायचं? ते काय खाणार मग? एकटा माणूस आहे तो. होडी बांधून घातली तर दिवसभर रेडिओ ऐकत बसायचं का त्याने?

… हो, तुझा भाऊ आहे. माझा कोण आहे मग? रात्री जेवायला माझ्यासमोर बसतो तो. मला सोपं जाणारे का?

… कळणार नाही कसं कोणाला? आज नाही तर उद्या कळेल. आणि कळलं की सगळ्या होड्या आत. सगळ्या. मी पुढे उभी राहून अडवणार कोणत्या तोंडाने? एवढं गवत परत आलंय तळाला, पिल्लं दिसायला लागलीत, आणि ते माझ्याच घरामुळे जायचं?

… थांब, मध्येच टूक टूक वाजतंय. … त्याचाच फोन आहे. … नाही, नाही उचलत. वाजू दे. पहाऱ्याची होडी तिकडे गेलेली दिसली असेल त्याला.

तू दोन भोंगे दे. … अगं दे ना. सुरी लावली तर काय बोलत बसायचंय? … दाब. …

… आला. इथपर्यंत आला ऐकू. … आता दुसरा. … दुसरा कुठाय? … हॅलो? अगं, एक म्हणजे कापा. एकावर थांबू नकोस. … बाई गं, मी पाया पडते तुझ्या, दाब. …

… आला.

… थांबले का ते? … नक्की? सुरी खाली ठेवली? … बरं. … हो, बरं केलंस. खूप बरं केलंस गं. डोळे पूस आणि माईक घे. सांग, काकांना सोडा, आतली पिवळ्या फुलांची रांग ओढा. जाळं कोणाचं तेही सांग. … सांगायचंच. आणि त्याची होडीही हंगामभर किनाऱ्याला.

… अगं, मग 'माझ्या दादाचं' नको म्हणूस. जीभ नाही वळायची तुझी. 'वहिनीच्या नवऱ्याचं' म्हण. … हो, तसंच म्हण. माझ्या नावावर टाक.

ठेवते. पुन्हा वाजतोय त्याचा. … हो, आता उचलते. … मघाशी उचलला असता तर त्याचं ऐकलं असतं मी.