स्टेपनीचं लिंबू

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात चाकणच्या उद्धवराव पंक्चरवाल्याकडे मी सायकल घेऊन थांबलो होतो. पुढे एक जीप होती. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव स्वतःच चाक काढत होता आणि शेजारी त्याची आई उभी होती.

"उद्धवराव, हात चालवा! अकराचा मुहूर्त आहे."

"आवं, पण एवढं दातेरी टायर कशापायी?"

"सासुरवाडीच्या वाटेवर आधी कांद्याच्या शेतांतल्या पाण्याचा चिखल, मग घाटातले दगड. मुद्दाम पाचही नवे घेतले. इथे दारातच बाभळीचा काटा गेला, बदलायला बघतो तर स्टेपनीही बसलेली!"

"हिच्यात काटा न्हाई. खिळा हाय. चार इंची, सरळ ठोकलेला."

"ठोकलेला? कोणी?"

"मुकुंदा, मुंडावळ्या सांभाळ, ग्रीस लागेल."

"आई?"

"मग लिंबू-मिरची कुठे टांगायची? नव्या टायरांना दृष्ट लागते."

"म्हणून स्टेपनीत खिळा?"

"रबर केवढं जाड! मला वाटलं, भरीवच असतं."

"काकू, आत हवा असती, हवा!"

"तरीच फुस्स झालं! मी म्हटलं, दृष्ट निघाली."

"झाली दोन्ही चाकं. पळा आता."

"थांबा उद्धवराव, तो खिळा टाकू नका. येताना गाडीत नवी सून असेल."