वड्याखालचं पान

(कर्जतला अपेक्षाच्या माहेरी. मिलिंद पायरीशीच उभा.)

अपेक्षा : रद्दी वाटली तुम्हाला? माझ्या अण्णांनी लग्नात दिलेलं पुस्तक, नि तुम्ही त्यात वडे बांधून दिलेत!

मिलिंद : अगं, कव्हर निघालेलं. पेपरांच्या गठ्ठ्यावर पडलं होतं. गर्दीत हाताला आलं ते फाडलं.

अपेक्षा : रोज दुपारी टपरीत बसून मी काय वाचते, बघितलंत कधी? तुमच्या झाऱ्याला कुणी हात लावला तर अख्खा शिळफाटा डोक्यावर घेता. माझी वस्तू तेवढी रद्दी!

जानकीबाई : जावई दारात हायेत गं. आदी पानी तरी दे.

अपेक्षा : आई, अण्णा तुला वाचून दाखवायचे तेच पुस्तक ते.

जानकीबाई : नवराबायकूच्या गोष्टींचं? मंग नको देऊस पानी.

मिलिंद : आई, तुमीबी?

जानकीबाई : मला कुटं वाचता येतंय? सांजच्याला त्यांनी वाचायचं, मी तांदूळ निवडत ऐकायचं. निम्मा संसार त्याच्यावर झालाय माजा.

अपेक्षा : नि शेवटची गोष्ट माझी अर्धीच राहिली. ती बाई रागानं माहेरी जाते, तिथून पुढं सगळं फाटलेलं. काय झालं तिचं? सांगा ना आता!

मिलिंद : तेच आणलंय. शेवटचं पान. तू तणतणत निघालीस, नि ज्याला ते वडे बांधून दिले त्या टेंपोवाल्याच्या मागं मी मोटारसायकल काढली. कुंभिवलीला गाठला. वडे खाऊन झालेले, पान पायाशी चुरगळून पडलेलं. हे बघ.

अपेक्षा : हे? तेलानं आरपार दिसतंय. मागची अक्षरं पुढच्यात घुसलीत. एक ओळ लागत नाही!

जानकीबाई : नाय लागलं की तुजे अण्णाबी मनानंच लावायचे. मी रुसलेली असले, की गोष्टीतला नवरा हमखास चुकलेला निगायचा.

मिलिंद : मग मी वाचू?

अपेक्षा : चुकलो म्हणायला पुस्तक कशाला लागतं?

मिलिंद : नाय लागत. चुकलोच मी. तुझी वस्तू, नि मी बघितलंसुद्धा नाय.

अपेक्षा : ...बटाटे उकडलेत का?

मिलिंद : कुटलं! टपरी तशीच टाकून आलोय.

अपेक्षा : मग आत या नि वाचा भरभर. संध्याकाळच्या गर्दीआधी पोचायला हवं.