थेंब पडतो तिथे गळत नसतं

नाही, गळत नाहीये. वाकून बघू नका. ज्याला त्याला वाकून बघायचं असतं, आणि बघून झालं की मान वर करून मलाच सांगायचं असतं, "ड्रायव्हर, तुझ्या गाडीतून तेल गळतंय हो..." जसा काही मी गाडीचा मालक नसून वाटेने चाललेला वाटसरू आहे! तुम्हाला सांगतो, इथून टेचीमानपासून पार राजधानी आक्रापर्यंत हे मला सांगायचा राहिलेला एक माणूस नाही, परवा एका आंधळ्याने सांगितलं, त्याला वास आला म्हणे. बसा आता, यामचे कंद भरायला अजून दोन तास आहेत.

चौदा वर्षं मी दुसऱ्याची ट्रोट्रो हाकली. बावीस माणसं, त्यांच्या कोंबड्या, कोंबड्यांची भांडणं, माणसांची भांडणं, सगळं एका मिनीबसमध्ये. चौदा वर्षांनी म्हटलं पुरे, आता आपला स्वतःचा ट्रक, ज्यात माल मागे बसतो आणि बोलत नाही. म्हणून तेमा बंदरावरून हा आणला, परदेशातून आलेला, वापरलेला. विकणारा काय म्हणाला? "साहेब, हॉलंडमध्ये एका म्हाताऱ्याने हिच्यातून फक्त फुलं वाहिलीत." आता फुलं वाहायला दहा टनांचा डिझेल ट्रक कशाला लागतो, हा प्रश्न तेव्हा मला का पडला नाही? तर बाजूला फुलं रंगवलेली होती. माणसाचा विश्वास कशावरही बसतो.

घरी आणून अंगणात उभा केला, सकाळी बघतो तर खाली दोन डाग, एक काळा, एक पिवळट. डोक्याला हात लावला. का लावला? कारण शनिवारी नाना अफ्राकोमा येणार होती. नाना हा आमच्याकडे मानाचा शब्द, बाईलाही लावतात; अफ्राकोमा म्हणजे आमच्या याम-बाजाराची राणी, तिच्या शब्दाशिवाय टेचीमानातून एक कंद हलत नाही. ती म्हणाली होती, "पोरा, डिझेलचा वास लागलेला याम आक्रात कुत्रंही हुंगत नाही. शनिवारी येऊन गाडी बघते. खाली एक थेंब दिसला, तर हंगामभराचा माल दुसऱ्याच्या गाडीत." आणि इकडे ट्रोट्रोवर माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर बसलासुद्धा, सोमवारी मला हात करून गेला. म्हणजे जुनं काम सुटलेलं, नवं लागलेलं नाही, मधल्या मध्ये मी आणि दोन डाग.

गेलो मॅगझिनमध्ये, म्हणजे आमच्या गॅरेजांच्या वस्तीत, आणि मास्टर दाऊदाला घेऊन आलो. चांगला मेकॅनिक, पण घाई नावाची गोष्ट त्याच्या घराण्यात कुणाला झालेली नाही. आला, आणि डागाकडे बघेचना, वरच बघतोय. मी म्हटलं, मास्टर, डाग इथे आहे. तर म्हणतो, "डागाला काय बघायचं ड्रायव्हर? थेंब पडतो तिथे गळत नसतं. गळतं वर कुठेतरी, वारा त्याला मागे नेतो, चासीवरून ओघळतं, आणि सगळ्यात खालचं टोक सापडलं की तिथे पडतं." बरं बाबा. म्हटलं शोध.

मग त्याने काय करावं? कॅबिन पुढे कलवली, इंजिन रॉकेलने धुतलं, साबणाने धुतलं, वाळवलं, माझ्या बायकोच्या डब्यातलं कसाव्याचं पीठ मागितलं आणि ते चाळून सबंध इंजिनावर भुरभुरलं. माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात, त्या दारातून बघत होत्या, म्हणाल्या, "तळणार आहे का?" पण दाऊदा सांगतो तसंच झालं, गाडी अर्धा तास चालू ठेवली आणि पांढऱ्या पिठात एक ओली रेघ उमटली. डिझेल. इंजेक्टरकडून उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी बारीक रबरी नळी, तिला केसाएवढी चीर. मंगळवारी नळी बदलली. बुधवारी दुसरी रेघ, काळी, इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट वाळून बिस्किट झालेलं. तेही बदललं. म्हणजे थेंब पडायचा पुढच्या चाकामागे आणि गळायचं हातभर पुढे, वर! थेंब पडतो तिथे गळत नसतं, मला पटलं. दाऊदाने खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरला, जाताना सासूबाईंशी काहीतरी बोलला, मी लक्ष दिलं नाही. ही माझी चूक.

गुरुवारी सकाळी पुठ्ठ्यावर डाग.

या वेळी पुढे, अगदी नंबरप्लेटच्या खाली. दाऊदा आला, धुतलं, पीठ, अर्धा तास... काही नाही. कोरडं ठणठणीत. इंजिनाखालच्या तेलटाकीचे बोल्ट आवळले, गॅस्केट उघडून परत बसवलं, काही नाही. शुक्रवारी सकाळी परत डाग, आणि मोठा. दाऊदाने ऑइलची काठी काढून बघितली, पुसून परत बघितली. म्हणाला, "ड्रायव्हर, बुधवारपासून तेल सुताएवढंही उतरलेलं नाही."

"मग हे कुठून आलं?"

"थेंब पडतो तिथे..."

"ते राहू दे!"

सासूबाई मागून म्हणाल्या, "तेल गळतंय, पण कमी होत नाही?"

"होय आई," दाऊदा म्हणाला.

"मग हा चमत्कार आहे," म्हणाल्या, आणि डोळे मिटून आमेन म्हणाल्या. दाऊदा मुसलमान माणूस, तोही काहीतरी पुटपुटला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणतो, इंजिनच्या मागचं सील असेल, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पाच दिवस. पाच दिवस? उद्या शनिवार! तुम्हाला सांगतो, मला रडू आलं, चौदा वर्षांत बावीस माणसांनी शिव्या घातल्या तेव्हा आलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसलो.

आणि मग दाऊदाने पुठ्ठ्यावरचा थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. परत हुंगला. म्हणाला, "हे इंजिनाचं नाही. डिझेलही नाही. घरात कोण गाडीत तेल घालतं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तूच नाही का सांगितलंस बुधवारी? 'आई, रोज सकाळी गाडीला तेल लागतं का बघा, लागलं तर घाला.' म्हटलं यात बघायचं काय? माणसाला लागतं, गाडीला नको?"

चर्चमधून आणलेलं अभिषेकाचं तेल. ऑलिव्हचं, तिथल्या प्रॉफेटने, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूने, हात ठेवून दिलेलं. पहाटेची प्रार्थना झाली की बाई अंगणात यायच्या, ट्रकची पुढची झडप उघडायच्या आणि आत ओतायच्या. पुढूनच का? "अभिषेक डोक्यावर करतात जावईबापू, मागे नाही." आणि आम्ही दोन दिवस त्या आशीर्वादाची गळती शोधत होतो, पीठ लावून!

हात जोडले. म्हटलं आई, उद्याचा एक दिवस नको. बाईंचा चेहरा पडला, पण ऐकलं.

शनिवारी नाना अफ्राकोमा आली. वाकली, पुठ्ठा बघितला, हात लावला. कोरडा. माझी छाती वीतभर फुगली. ती सरळ झाली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं ट्रक भरतेय पोरा. कोरडा ट्रक दोनच तऱ्हेचा असतो. एक, ज्यात तेलच नाही, आणि एक, जो मी येणार म्हणून पुसलाय. तू कुठला?"

खरं बोललो तरी खोटं वाटेल असा तो प्रसंग. तर सासूबाईच पुढे झाल्या. "नाना, कालपर्यंत पडत होतं थेंब थेंब. पण ते माझं अभिषेकाचं तेल. यांनी बंद केलं."

"बंद केलं?" नाना माझ्याकडे बघतच राहिली. "अभिषेक बंद करून तू माझे याम आक्राला नेणार होतास? त्या अपघातांच्या रस्त्याने?" मग सासूबाईंना म्हणाली, "आई, रोज घाला. हात आखडू नका. ज्या दिवशी पुढे थेंब दिसणार नाही, त्या दिवशी माझा माल चढणार नाही."

झालं. सबंध हंगाम मला मिळाला. गाडी ठणठणीत, नळी नवी, गॅस्केट नवं, आणि नंबरप्लेटखालून थेंब चालू, कारण राणीने सांगितलंय म्हटल्यावर सासूबाई आता अर्धी बाटली ओततात. लोक सांगतात, मी हो म्हणतो.

पण एक विचार छळायला लागला. जुना ट्रक आहे, उद्या खरंच गळायला लागला तर? गेलो दाऊदाकडे. म्हटलं मास्टर, कुठला थेंब इंजिनाचा आणि कुठला देवाचा, मला कळणार कसं? रंगावर जाऊ? म्हणाला, धूळ बसली की सगळे काळेच. वासावर? म्हणाला, तेव्हा गाडी नुकती धुतलेली होती, रोज चालणाऱ्या डिझेलच्या गाडीत सगळ्यालाच डिझेलचा वास.

तेव्हापासून रोज सकाळी पेज प्यायच्या आधी मी गाडीखाली जातो, बोटावर थेंब घेतो आणि चाखतो. आजपर्यंत तरी ऑलिव्हच आहे.